मिंटला लाजू नकोस

"ताई, मिंट आता फारच सोपं वाटतंय, वर्गातली पोरं हसतात. आर्च टाकू का?" एवढाच तुझा मेसेज. उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण मग तू ते ऐकलं नसतंस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहितेय. जेवून निवांत वाच.

पोरं हसतात म्हणून लिनक्सचं डिस्ट्रो बदलायचं नसतं, हे आधी सांगून टाकते. होस्टेलवर कुणाच्या तरी काळ्या खिडकीत हिरवी अक्षरं पळत असतात, आणि आपण मेनू उघडून क्लिक करतोय म्हणून आपल्याला कमी वाटतं. आपल्याला मुलींना जरा जास्तच वाटतं, कारण लॅबमध्ये साधी नेटची वायर सुटली तरी "तू राहू दे, मी बघतो" म्हणणारा एकजण असतोच. मग काहीतरी अवघड टाकून दाखवायची खुमखुमी येते. मला ती कळते गं. पण रोजचं मशीन हे काही कुणाला दाखवायचं ठिकाण नव्हे. सबमिशनच्या आदल्या रात्री ते मुकाट्याने सुरू झालं पाहिजे, बस्स.

आणि तू काही नवशिकी राहिलेली नाहीस. टर्मिनलमधून पॅकेज टाकतेस, शेल स्क्रिप्ट लिहितेस, विंडोजच्या अपडेटने ग्रब गायब झालं तेव्हा लाइव्ह पेनड्राइव्हवरून ते परत बसवलंस. मात्र कर्नलच्या सेटिंगमध्ये रात्र घालवायला तुला वेळ नाही, आणि नसावाही. या मधल्या पायरीवरच्या माणसाने तयार मांडणीचं डिस्ट्रो घेण्यात कसला कमीपणा? डंकावरून मसाला कुटून आणणाऱ्या बाईला स्वयंपाक येत नाही, असं कुणी म्हणतं का?

मूळ घराणी तुला ठाऊक आहेतच. डेबियन १९९३ पासूनचं, आर्च २००२ चं, आणि रेड हॅटच्या अंगणातलं फेडोरा. उबंटू डेबियनवर उभं आहे, मिंट उबंटूवर, मांजरो आणि एंडेव्हर आर्चवर. वरच्या मजल्यावर ज्यांनी घर बांधलं त्यांनी तुझ्या वतीने काही निर्णय घेऊन ठेवलेत. फाइल सिस्टिम कोणती, अपडेट किती वेगाने सोडायचे, व्हिडिओचे कोडेक आत घालायचे की तू शोधून आणायचे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोण बसवणार, ॲप कुठल्या दुकानातून येणार. डिस्ट्रो निवडताना आपण खरं तर हे निर्णय निवडतो. वॉलपेपर आणि आयकॉन दोन तासांत कुठेही बदलता येतात, त्यात मन अडकवू नकोस.

एक उदाहरण देते. उबंटूने काही ॲप स्नॅप नावाच्या डब्यातून द्यायला सुरुवात केली. ते मिंटवाल्यांना पटलं नाही, म्हणून २०२० मध्ये मिंट २० पासून त्यांनी स्नॅप मुळातच बंद ठेवलं. हवं असेल तर तू सुरू करू शकतेस. त्याऐवजी फ्लॅटपॅक दिलंय, आणि ज्यांची खातरजमा झालेली नाही अशी फ्लॅटपॅक मिंट २२ मध्ये आधीपासून लपवलेली असतात. म्हणजे पाया उबंटूचाच, पण घरात राहायची रीत वेगळी. मला ही रीत मानवते. तुला मानवते का ते बघ, पोरांना विचारू नकोस.

आता पैशाचं बोलू. डिस्ट्रोच्या गप्पांत हे कुणी काढत नाही, आणि आपल्याकडे तर तेच आधी येतं.

बारामतीत कॉलेजच्या वायफायवर असतेस तोवर ठीक. शनिवारी भिगवणला उतरून घरी गेलीस की मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रोजचा दीड जीबी. मिंटची आयएसओ फाइलच ३ जीबीच्या घरात, म्हणजे एका दिवसाच्या पॅकमध्ये ती मावत नाही. तरी ती एकदाच उतरवायची असते. आर्चच्या घराण्यात सगळंच रोलिंग, नवं आलं की ते लगेच तुझ्या दारात. तीन-चार आठवडे मशीन अपडेट केलं नाही तर कर्नल, ग्राफिक्सचं मेसा, ब्राउझर, लिबरऑफिस, पायथन असं मिळून जीबी-दीड जीबी सहज साचतं.

त्यातली खरी गोम पुढे आहे. आर्चमध्ये अर्धंमुर्धं अपडेट चालत नाही. एखादं छोटं पॅकेज हवं असेल तरी आधी अख्खी सिस्टिम ताजी करून घ्यावी लागते, नाहीतर नव्या पॅकेजला जुनी लायब्ररी मिळते आणि दोघंही रुसतात. दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर घरी राहिलीस, आणि मध्येच प्रोजेक्टसाठी दहा एमबीचं काहीतरी टाकायचं झालं, तर त्या दहा एमबीसाठी अख्ख्या दिवसाचा पॅक ओतावा लागेल. पुण्यात फायबर असलेल्या पोराला हे जाणवतही नाही.

मिंटमध्ये अपडेट येत नाहीत असं नाही. सुरक्षेचे येतात, ब्राउझरचे येतात, कर्नलचे येतात. पण यादी समोर असते, आज सुरक्षेचे घेऊ आणि बाकीचे सोमवारी कॉलेजात घेऊ असं म्हणता येतं, आणि काही मोडत नाही. डेबियन तर त्याहून शांत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं. त्यात आज जे व्हर्जन आहे तेच जवळपास शेवटपर्यंत राहतं, फक्त भोकं बुजवली जातात. त्याला कुणी शिळं म्हणतात. म्हणू दे. सी, पायथन आणि मायएसक्यूएल शिकायला शिळं काय आणि ताजं काय! आपल्या पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलना ६४ बिटचं ओपन सोर्स लिनक्स किंवा त्याचं कुठलंही भावंड चालतं, अभ्यासक्रमातच तशी शिफारस असते. आर्चवर केलं म्हणून ओरलमध्ये एक मार्क जास्त मिळत नाही.

तरी तुला काहीतरी नवं हवंच आहे, हे मला दिसतंय. म्हणून माझ्या मनातली उतरंड सांगते.

तुझा लॅपटॉप सेकंडहँड, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आज तुझ्यासाठी लिनक्स हीच मुख्य गाडी. ती भरवशाची पाहिजे. या मशीनला मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अगदी आरामात चालतो, आणि मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. तोवर तुझी डिग्री होऊन नोकरीही लागलेली असेल. ४ जीबी रॅमचं जुनं मशीन असतं तर मी एक्सएफसीई म्हटलं असतं.

मिंट खरोखरच कंटाळवाणं झालं असेल तर एमएक्स लिनक्स बघ. डेबियनवर उभं आहे, दिसायला जरा जुनाट, पण त्याच्या हत्यारांच्या पेटीवर माझा जीव आहे. त्यात एमएक्स स्नॅपशॉट नावाचं एक आहे. तू तुझ्या मशीनवर सगळं लावलंस, फॉन्ट, कीबोर्ड, कंपायलर, सगळं, की ते त्या पूर्ण मांडणीची चालणारी आयएसओ बनवून देतं. ती पेनड्राइव्हवर टाकून मैत्रिणीच्या मशीनवर जशीच्या तशी बसवता येते. तुझ्या ग्रुपच्या चार लॅपटॉपना एकसारखं करायचं असेल तर यासारखं दुसरं काही नाही. मधल्या पायरीवरच्या माणसाला शिकायला असलं काहीतरी मिळावं. आणि हसणाऱ्या पोरांपैकी किती जणांना स्वतःची आयएसओ बनवता येते, तेही विचार एकदा.

लॅपटॉप अगदी नवा असता, याच वर्षीचा प्रोसेसर असता, तर मी फेडोराचं केडीई सांगितलं असतं, कारण नव्या हार्डवेअरला नवं कर्नल लागतं. पण फेडोराचं प्रत्येक व्हर्जन साधारण तेरा महिनेच जगतं, आणि परवान्यांच्या तत्त्वापायी काही कोडेक व एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून आरपीएम फ्यूजनमधून आणावा लागतो. म्हणजे तयार मांडणी थोडी अपुरीच. काम फार स्वच्छ आहे, एवढं मात्र मान्य.

रोलिंगचीच हौस असेल तर साधं आर्च नको, गरुड बघ. नाव आपलं, आणि ते सुरू करणाऱ्यांत भारतीय तरुणही आहे. पाया आर्चचा, पण बीटीआरएफएस फाइल सिस्टिम लावूनच मिळते, आणि प्रत्येक अपडेटच्या आधी सिस्टिमचं छायाचित्र आपोआप काढलं जातं. अपडेटने काही बिघडलं तर सुरू होतानाच्या मेनूतून कालची स्थिती निवडायची आणि पुढे जायचं. ओपनसूझे टंबलवीडही हेच करतं, आणि तिथे अपडेट सोडण्याआधी यंत्राकडून तपासलेही जातात. गरुडचा झगमगाट मला सोसत नाही, तुला आवडेल. पण नेटपॅकचं मघाशी सांगितलेलं सगळं दोघांनाही लागू, ते विसरू नकोस.

खरं सांगू? मधल्या पायरीवर असताना डिस्ट्रोला विचारायचा पहिला प्रश्न हाच: बिघडलीस तर मी परत कशी येऊ? मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच असतं, फक्त बहुतेकजण ते सुरू करत नाहीत. तू आज रात्री सुरू कर. आठवड्याला एक आणि मोठ्या अपडेटच्या आधी एक, एवढं पुरे. मात्र त्यात तुझ्या असाइनमेंट, फोटो काही जात नाही, ते फक्त सिस्टिमचं असतं. त्यांची वेगळी कॉपी पेनड्राइव्हवर ठेवायची. टाइमशिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहायचं आणि डिस्क गेल्यावर रडायचं, असं नको.

आणि लाइट. तुझी बॅटरी पंचवीस मिनिटंही धरत नाही, आणि घरी लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. अपडेट चालू असताना मशीन बंद पडलं तर मिंट-डेबियनमध्ये पॅकेजं अर्धवट बसलेली राहतात. घाबरू नकोस, डीपीकेजीला 'राहिलेलं सगळं पूर्ण कर' असं सांगणारी एक ओळ असते, ती तुझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. पण कर्नलचं अपडेट अशा वेळी नकोच. ते बारामतीतच करायचं, चार्जर लावून.

आता एक गोष्ट, जी तुला कुठलाही इंग्रजी व्हिडिओ सांगणार नाही. डिस्ट्रो बसवायच्या आधी लाइव्ह चालवून त्यात मराठी लिहून बघ. 'नमस्कार' लिहून खूश होऊ नकोस, 'नमस्कार' सगळीकडे नीट दिसतो. 'वाऱ्यावरच्या पुऱ्या' लिही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरपी रेघ. 'ऱ्या' ची ती पापणीसारखी वळणदार खूण आली पाहिजे. रफार डोक्यावर चढला किंवा पाय मोडका दिसला तर फॉन्ट किंवा कीबोर्ड कुठेतरी चुकलाय. मग 'ॲप', 'ऑफिस', 'लॅपटॉप' लिही आणि 'ळ' शोध. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरव. बऱ्याच फॉन्टांत तेवढ्याने 'ल' आणि 'श' हिंदी वळण सोडून आपल्या वळणावर येतात. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा उगाचच आनंद झाला होता. फॉन्टची चिंता नको, नोटो असतो, लोहित असतो. लोहित रेड हॅटमुळे सगळ्यांना खुला झाला, आणि त्याच्या जडणघडणीत पुण्याचा मोठा वाटा आहे.

पप्पांची जुनी पत्रं आणि ग्रामपंचायतीचे अर्ज मात्र श्रीलिपीत टाइप केलेले आहेत. ती फाइल तुझ्याकडे उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी कचरा दिसेल. दोष लिनक्सचा नाही, ती अक्षरं युनिकोडमध्ये नाहीतच. ती विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घे आणि मग आण.

या निमित्ताने सी-डॅकच्या बॉस लिनक्सबद्दलही सांगते, तू विचारशीलच. २००७ पासून आहे, डेबियनवर उभं आहे, भारतीय भाषांची सोय हाच त्याचा हेतू. अभिमान जरूर बाळग. पण रात्री अकराला काही अडलं तर तुझ्यासारखीच अडचण आलेली माणसं मिंट आणि डेबियनकडे कितीतरी जास्त सापडतील. मधल्या पायरीवर तेच उपयोगी पडतं. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल आहेत, लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे मराठी आवाजातले. कॉलेजच्या वायफायवर उतरवून घे.

प्रिंटर. तू ज्या झेरॉक्सच्या दुकानात जातेस तिथे तो छोटा पांढरा कॅननचा एलबीपी २९०० आहे, आणि आपल्या घरीही तोच. तो कॅप्ट नावाच्या स्वतःच्याच भाषेत बोलतो, लिनक्सला ती वेगळ्या ड्रायव्हरशिवाय कळत नाही, आणि तो ड्रायव्हर बसवणं हे एका दुपारचं काम आहे. कुठलंही डिस्ट्रो घेतलंस तरी हे तसंच. एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र वायर लावली की चालतात. मी तर म्हणते, त्या दुपारची झोप घे आणि पीडीएफ करून मोबाइलवरून दुकानात पाठव.

मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ ठेवून शेजारी लिनक्स टाकून देणार आहेस म्हणालीस. आधी तिच्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून घे. नव्या मशीनवर ते बहुतेक वेळा गुपचूप चालू असतं, आणि बूटची मांडणी बदलली की अठ्ठेचाळीस आकडे मागतं. फास्ट स्टार्टअप बंद कर, नाहीतर लिनक्समधून तिची डी ड्राइव्ह फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. आणि तिला मिंट किंवा फेडोराच दे, ती सिक्युअर बूट चालू असतानाही बसतात. गरुडसाठी ते बंद करावं लागतं, आणि दुसऱ्याच्या मशीनचं कुलूप आपण काढायचं नसतं.

काकांच्या डेअरीवरच्या मशीनकडे तर फिरकूसुद्धा नकोस. फॅटचं मशीन, वजनकाटा, पावतीचा प्रिंटर, सगळं एका विंडोजच्या सॉफ्टवेअरला बांधलेलं आहे. सकाळी सहाला दूध घालायला रांग लागते, तेव्हा तिथे 'डिपेंडन्सी सापडली नाही' वाचायला कुणाला वेळ नाही. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या मशीनचंही तेच.

जाता जाता तुझ्या मनातली एक शंका. हे सगळं शिकून गावाकडे काय उपयोग, असं मागे म्हणाली होतीस. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर एआयचा प्रयोग केला, त्याचं कौतुक २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी केलं, ते तू मला पाठवलं होतंस. मायक्रोसॉफ्टच्याच अझूर क्लाउडवर चालणाऱ्या आभासी मशीनांपैकी निम्म्याहून जास्त लिनक्सची आहेत. तिथे मेनू नसतो, टर्मिनलच असतं. मिंटमध्ये बसून उघडलेलं टर्मिनलही तेच असतं बरं का.

तर आता असं कर. रविवारी येताना ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा करून आण. त्यावर व्हेंटॉय टाकू, म्हणजे एकाच पेनड्राइव्हवर हव्या तेवढ्या आयएसओ नुसत्या कॉपी करता येतात आणि सुरू होताना यादीतून निवडता येतात. मिंट, एमएक्स, फेडोराचं केडीई आणि तुझ्या हौसेखातर गरुड, चारही माझ्याकडे उतरवून ठेवलेत, तुझा नेटपॅक वाचेल. बसवायचं काही नाही, एकेक दिवस नुसतं लाइव्ह चालव. झाकण मिटून परत उघड, वायफाय येतं का बघ, हेडफोन लाव, कॉलेजच्या प्रोजेक्टरला जोड, आणि त्या पुऱ्या तेवढ्या लिहून बघ. मग फोन कर, रात्री नऊनंतर.